बाईंचं हेल्मेट

"जयभीम, बोला. कोण रडतंय आणि कोण रडवतंय?"

बाई फोन असाच उचलायच्या. पलीकडे कोण आहे हे आधी बघायची पद्धत नव्हती. एकदा गॅस एजन्सीतून सिलिंडर कधी पाठवू हे विचारायला फोन आला. हा प्रश्न कानावर पडल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "रडतोय तर मीच बाई, पण आत्ता गाडीवर हाय. सांजच्याला करतो." आणि त्याने खरंच केला. पुढे तो बायकोला घेऊन आला, आईला घेऊन आला, आणि त्यानंतर आमच्या मजल्यावरचा सिलिंडर कधी उशिरा आला नाही.

आमचा मजला म्हणजे मंचरच्या बाजारपेठेत एका बियाण्यांच्या दुकानावरचा माळा. मधे प्लायवूडचं पार्टिशन घालून मालकाने त्याची दोन ऑफिसं केली होती. अलीकडच्यात मी. मी लग्नात माईकवर बोलतो. ज्यांनी आमच्या आंबेगाव-जुन्नरकडचं लग्न पाहिलेलं नाही त्यांना हा धंदा कळायचा नाही. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी सरपंचांचा आशीर्वाद असतो, मग कुठल्या तरी संचालकांचा, मग माजींचा, मग भावींचा. नवरा-नवरी घामाने निथळत उभी, मांडव भुकेने व्याकुळ, आणि ह्या सगळ्याला 'दोन जिवांचं मीलन', 'दोन घराण्यांचा संगम' करत जेवणापर्यंत थोपवून धरायचं, हे माझं पोट भरायचं साधन.

पलीकडच्या ऑफिसात बाई. दारावर त्यांनी पेंटरकडून रंगवून घेतलं होतं: 'कुटुंब सल्ला केंद्र. पाळण्यापासून काठीपर्यंत.' त्यामुळे सुरुवातीला लोक पाळणे विचारायला यायचे. बाई त्यांना माघारी पाठवत नसत. पाळणा हवाय म्हणजे बाळ आहे, बाळ आहे म्हणजे जागरण आहे, जागरण आहे म्हणजे कुठेतरी भांडण शिजतंय. "बसा की," म्हणायच्या, "पाळण्याचं बघू. बाळाची आई किती झोपते ते सांगा आधी."

माझ्याकडे बघून त्या हसायच्या. "भाऊ, तुमचं गिऱ्हाईक दोन वर्षांनी माझ्याकडं येतं. तुम्ही जरा कमी गोड बोलत जा. मला जड जातं नंतर."

बाई उंच. कडक इस्त्रीची सुती साडी, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला शाळेतल्या पोरांसारखं दप्तर. पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या विभागात बरीच वर्षं काम करून त्या म्हाताऱ्या आईसाठी गावाकडे परत आल्या होत्या. ऑफिसात खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. डोळे मिटलेला, शांत. "ह्या खोलीत कुणीतरी एकाने तरी शांत राहायला पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

आणि कूलर. प्लायवूडच्या पार्टिशनमधून माझ्यासारख्या माणसाच्या कानावर काही पडू नये म्हणून त्यांनी एक जुना कूलर आणला होता. त्याचा आवाज कांद्याचा ट्रॅक्टर चढणीला लागल्यासारखा. आत कुणी आलं की कूलर चालू, मग थंडी असो वा पाऊस. ऐन थंडीत लोक स्वेटर, मफलर, कानटोपी घालून सल्ला घ्यायला चढायचे. मी भिंतीला कान लावून पाहिला आहे, खोटं कशाला बोलू. कूलरशिवाय काही ऐकू आलं नाही.

पण दिसायचं मात्र. चहा आला की दार उघडायचं, आणि तेवढ्यात जे दिसायचं त्यावर मी आठवडाभर जगायचो.

एकदा दिसलं ते असं: धोतर नेसलेले एक आजोबा, ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि डोक्यावर बाईंचं स्कूटरचं लाल हेल्मेट. समोर त्यांची सून बोलतेय आणि आजोबा काचेआडून तिच्याकडे बघतायत. दुसऱ्या दिवशी पदरावर हेल्मेट चढवलेली सासू. त्यानंतर आळेफाट्याचे एक गॅरेजवाले. गडी असा की तोंड उघडलं तर ट्रकचं इंजिन बंद पडावं. आणि त्यांच्यासमोर त्यांचा दहावीतला पोरगा, हळूहळू काहीतरी सांगत होता.

ही बाईंची पद्धत होती. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट त्याने बोलायचं नाही. समोरच्याचं पुरतं झालं की हेल्मेट त्याच्या डोक्यावर, मग ह्याने बोलायचं. मी एकदा विचारलं, हेल्मेटच का? बाई म्हणाल्या, "भाऊ, हे इजा होऊ नये म्हणून घालतात ना? मग. समोरचा खरं बोलायला लागला की लागतं."

आणखी एक नियम होता. ज्याचं बिघडलंय असं घरचे म्हणतात, त्याला एकट्याला आणायचं नाही. "ज्याला काहीच झालेलं नाही, तो कोण आहे घरात? त्याला घेऊन या." त्या गॅरेजवाल्यांना असंच धरून बसवलं होतं. आले होते पोराच्या मोबाईलचं गाऱ्हाणं घेऊन, गेले ते रुमालाने मान पुसत. जिन्यात मला म्हणाले, "लई दिवसांनी आवाज ऐकला राव पोराचा. फुटलाय की त्याचा आवाज. कधी फुटला?"

एका बाळंतिणीचं प्रकरण तर सगळ्या मजल्याला ठाऊक झालं, कारण तिच्याबरोबर अख्खं घर आलं होतं आणि जिन्यावर रांग लागली होती. पोरगी सारखी रडते, बाळाला घेत नाही, कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे दूध कमी म्हणून, कुणी म्हणे कामाची टाळाटाळ. बाईंनी रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं, तुम्ही तिला काय सल्ला दिला? प्रत्येकाने दिलेला होता. मग त्यांनी पोरीला आत घेतलं, कूलर लावला, आणि बराच वेळ दार उघडलं नाही. बाहेर आल्या तेव्हा कूलर चालूच होता. "झोपलीय," त्या म्हणाल्या. "कुणी उठवायचं नाही." मग तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. हे दुखणं आहे, औषध आहे त्याला, नाटक नाही, आणि उद्याच जायचं, असं त्याला दोनदा वदवून घेतलं. बाकीच्यांना म्हणाल्या, "सल्ला म्हणजे तिखट आहे. दुसऱ्याच्या ताटात वाढताना हात सैल सुटतो. जरा आवरा."

ह्या एवढ्या शहाण्या बाईंचं त्यांच्या स्वतःच्या घरात काही चालत नसे. आई समोरच्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर. गॅलरीत उभ्या राहून त्या सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "साऱ्या तालुक्याला शहाणपण वाटतीय, आन आईला गुळाचा खडा देईना!" आईंना साखरेचा त्रास होता आणि गुळाचा नाद होता. बाई खिडकीतून उलट ओरडायच्या. मी सुचवलं, घरीही हेल्मेट वापरून बघा. बाईंनी कपाळाला हात लावला. "नेलं होतं भाऊ. तिनं त्यात कांदे भरून ठेवले."

तर अशा ह्या बाई. त्यांच्याकडे मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून जाईन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आमची आत्या बॅग घेऊन माहेरी आली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. दिली महाळुंगे पडवळला. साठी ओलांडलेली, नातवंडं झालेली, आणि एका सकाळी आमच्या दारात उभी. हातात पोरीच्या लग्नातली बॅग. म्हणाली, "मी आता नांदायची न्हाई."

ह्या वयात नांदायचं नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला कळेना. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, एसटीत ड्रायव्हर. सरळ माणूस. सुपारीचं खांड तोंडात नाही. जन्म गेला तो मंचर-आहुपे मुक्कामी गाडीवर. मुक्कामी म्हणजे संध्याकाळची गाडी डिंभ्यावरून घाट चढून आहुप्याला जायची, रात्री तिथेच थांबायची, आणि सकाळी शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, हिरड्याची पोती असं सगळं घेऊन खाली यायची. एक रात्र मामा आहुप्याला, एक रात्र घरी. असा त्यांचा संसार. मामा निवृत्त झाले तेव्हा समारंभात माईकवर मीच होतो. मी आवाज भरून म्हणालो, "घाटावरचा हा राजा आता कायमचा मुक्कामी, आपल्या घरी!" टाळ्या पडल्या. आत्याने टाळी वाजवली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

आता सगळ्यांनी तिला विचारून पाहिलं. मामा काही बोलले का? नाही. सुनेशी काही? नाही, सून गुणाची. मग काय झालं? "काय न्हाई झालं," म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची. तिकडे मामांचं जेवण तुटलं. ते रोज मंचरच्या स्टँडवर येऊन बाकावर बसायला लागले. पोटाचा पट्टा एकेक भोक आत चाललेला. मुलाचा मला फोन, "दादा, आईला समजव. लोक विचारायला लागलेत. बाबा खात न्हाईत, असं चाललं तर ते काय ऱ्हात न्हाईत."

मी आत्याला समजावलं. माझ्या धंद्यातले सगळे शब्द काढले: संसाराचा रथ, त्याची दोन चाकं. ती म्हणाली, "बाळा, तू लई छान बोलतोस. आता गप बस."

मग आम्ही सगळे बाईंकडे. आत्या, मामा, त्यांचा मुलगा आणि मी. पहिल्यांदा मी त्या पार्टिशनच्या पलीकडून कूलर ऐकला. दात वाजत होते.

बाईंनी हेल्मेट मामांच्या डोक्यावर ठेवलं. मामांनी बक्कल लावलं आणि सवयीने ताठ बसले, समोर काच आहे, काचेपुढे रस्ता आहे, असे.

"आत्या, बोला."

"काय बोलू बाई? मानूस चांगलाय. पीत न्हाई, हात उगारला न्हाई कधी."

"बरं."

"पगार आणून हातात द्यायचे."

"बरं."

"घरात कामाला लागतात आता. पाणी भरतात, लसूण सोलतात."

"मग काय होतं?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"रोज असतात," ती म्हणाली.

मुलगा हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून आम्हा दोघांकडे असं पाहिलं की माझ्याही डोक्यावर एक हेल्मेट असावं असं मला वाटलं. मग त्या आत्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मुक्कामाच्या रात्री तुम्ही काय करायचात?"

आणि आत्या बोलायला लागली. आम्ही जन्मात कधी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मुक्कामाच्या संध्याकाळी ती चूल पेटवायची नाही. सकाळची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. शेजारच्या दोघी यायच्या, सिरियल बघायच्या, खिदळायच्या. मग पलंगावर मधोमध, हात-पाय पसरून झोपायची. कधी नुसतीच जागी राहायची. काही विचार करायची, कधी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होऊन यायचा, त्याबरोबर मामा यायचे, आणि ते आले की बरं वाटायचं. "येनार म्हनून बरं वाटायचं बाई. आता येतच न्हाईत. असतातच. आन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. म्हनतात, गॅस बारीक कर, घाटात येवढा रेस देत न्हाईत."

कूलर घरघरत होता. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती. बाईंनी खूण केल्यावर मामांनी ते काढलं, मांडीवर घेतलं, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "मलाबी आहुप्याबिगर झोप लागत न्हाई. कुनाला सांगायचं? बायको-पोरं सोडून आहुपं आठवतंय म्हनलं तर जोड्यानं मारतील."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. बहुतेक निवृत्तीनंतर पहिल्यांदा.

बाई टेबलापाशी गेल्या आणि एखाद्या डेपो मॅनेजरसारख्या म्हणाल्या, "मामांना ड्युटी लावा. एक दिवसाआड, आहुपे मुक्कामी."

मुलगा उभाच राहिला. म्हाताऱ्या बापाला एक दिवसाआड घराबाहेर काढलं, असं गाव म्हणेल. भावकी तोंडाला काळं फासेल. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी काय चूक केली सांगू? ह्या दोघांची फार सोय केली. एक खोली, एक टीव्ही, एक पलंग, चोवीस तास सोबत. ह्यांनी एवढी वर्षं एक दिवसाआड संसार केलाय, आणि चांगला केलाय. चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडता? घर म्हणजे काय ग्रुप फोटो आहे का, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी हसायला? प्रेम आहे हो इथं. त्याला ये-जा करायला रस्ता नाही राहिला."

"आन गावानं विचारलं तर?"

"निवृत्ती रद्द झाली म्हणा."

मामा त्याच दिवशी संध्याकाळी आहुप्याच्या गाडीत बसले. ड्रायव्हर म्हणून नाही, पाशिंजर म्हणून. नवा ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला, तो उठून पाया पडला तेव्हा मामांनी गाडीच्या टायरला लाथ मारून हवा बघितली. आहुप्यात ज्या घरी ते इतकी वर्षं अंथरूण टाकायचे, तिथल्या कारभाऱ्यांनी विचारलंच नाही की का आला. म्हणाले, उशीर झाला का आज घाटात?

आत्या त्या दिवशी महाळुंग्याला परत गेली होती. डबा बांधायचा म्हणजे जायलाच हवं ना. पुढे तिच्याकडून कळायचं ते असं: मामा येताना रानातली भाजी आणतात, आहुप्याचा तांदूळ आणतात, बातम्या आणतात. देवराईत कुठलं झाड पडलं, कुणाच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आत्या आपल्या गावच्या सांगते. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून ओसरीवर गेली. पट्टा एक भोक बाहेर आला. गावाने आठवडाभर बोलून घेतलं, मग दोन-तीन निवृत्त मंडळींच्या बायका बाईंचा नंबर मागायला लागल्या.

मे महिन्यात एकदा संध्याकाळी बाई वर आल्या आणि म्हणाल्या, चला स्टँडवर. जाऊन पाहतो तर गाडीपाशी मामा आणि शेजारी आत्या. नवं लुगडं, हातात मोठा डबा.

"दोघांचा बांधलाय आज," आत्या म्हणाली. "बघून येते म्हनलं."

मामा आधीच बेचैन. ड्रायव्हरला आरसा नीट कर म्हणून सांगत होते. बाईंनी स्कूटरवरचं हेल्मेट काढलं आणि खिडकीतून आत्याच्या हातात दिलं. "घाटात हे ड्रायव्हरला शिकवायला लागले की ह्यांच्या डोक्यावर ठेवा." गाडी वळून घोडेगावच्या रस्त्याला लागली. हेल्मेटशिवाय गाडी चालवायची नाही हा बाईंचा नेम, म्हणून त्या स्कूटर ढकलत भर बाजारातून घरी निघाल्या. मी मागून हात लावला. गॅलरीतून आई ओरडल्या, "पेट्रोलबी संपलं का आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी आली तशी ती दोघं थेट आमच्या माळ्यावर. आत्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. काठोकाठ करवंदं. बाईंनी एक तोंडात टाकलं.

"लागलं का मग हे? घालावं लागलं का मामांना?"

मामा खाली बघायला लागले. आत्या म्हणाली, "न्हाई. म्याच घातलं."

"तुम्ही?"

"डिंभ्यापासनं. ते दाखवत व्हते ना. हितं दरड आलती, हितं गाडी बंद पडली, ह्या वळनावर वाघ बघितला, हितं बसून डबा खायचो. मधी मधी मी बोलत बसले असते, तर ऱ्हायलं असतं त्येंचं." ती करवंदांतला पाला वेचायला लागली. "इतकी वर्सं डबा मी बांधायची बाई. त्यो कुठं बसून खातात, ते बघितलंच नव्हतं."

कूलर लावायचा राहून गेला होता. भिंतीवर बुद्ध होते तसेच डोळे मिटून.

"मग आता?" बाईंनी विचारलं. "उद्या परत दोघं?"

"छ्या," आत्या म्हणाली आणि करवंदं रिकामी करायला परात शोधू लागली. "उद्या त्येंची ड्युटी. एकट्याची."